थंडीची तालीम

कोटाची एक बाही माझ्या हातात होती आणि दुसरी त्याच्या.

बाहेर पाऊस कोसळत होता. सुवात, आमच्या बेटांच्या राजधानीत, पावसाचं कुणाला कौतुक नसतं, पण त्या दुकानाला पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागत होतं. बसस्टँडच्या मागचं जुन्या कपड्यांचं दुकान ते. परदेशातून गठ्ठे येतात, टेबलांवर ओतले जातात, आणि मग ज्याने त्याने कोपरापर्यंत हात घालून उपसायचं. फुलाफुलांचे शर्ट, पोरांच्या चड्ड्या, कुणाकुणाच्या लग्नातले झगे... आणि त्या दिवशी सगळ्यांच्या तळाशी हा गडद निळा, आतून लोकर लावलेला, गुडघ्यापर्यंत लांब कोट.

“मी आधी पाहिला!” मी ओरडले.

“काय?”

“मी — आधी — पाहिला!”

“मीही तेच म्हणतोय!” तो ओरडला.

मी मान वर केली. आणखी वर केली... बराच उंच होता तो. केसांतून पाणी निथळत होतं, आणि पायात रबरी बूट.

“तुम्हाला सुवात कोट कशाला हवाय?” मी विचारलं.

“तुम्हाला कशाला हवाय?”

“मी होबार्टला चाललेय, पुढचं शिकायला. ऑस्ट्रेलियाच्या पार खालचं टोक. थंडी असते तिथे.”

“मी वालू बेला चाललोय, कामाला. थंडी तिथेही असते.”

“वालू बेला? इथल्या बंदरावर? घाम येतो तिथे घाम!”

“बाहेर येतो. मी आत असतो. टुना मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. गारव्याची यंत्रं माझ्याकडे आहेत.”

बाही मात्र मी सोडली नाही.

“गाव कोणतं?” त्याने विचारलं. आमच्याकडे नावाआधी गाव विचारतात.

“नावुकेई. गाऊ बेटावरचं.”

तो हसायला लागला. सगळे दात दाखवून, मनापासून.

“मी कोरोलोआचा. कंदावू बेटावरचा.”

झालं! नावुकेई आणि कोरोलोआ या दोन गावांचा मूळ देव एकच, म्हणून आम्ही एकमेकांचे तौवू. आणि तौवू म्हटला की त्याच्यापुढे मानपान नाही, लाजलज्जा नाही. त्याला वाटेल ते बोलायचं, त्याच्या ताटातलं उचलून खायचं, आणि दोघांपैकी कुणी रागवायचं नाही. अक्षरं गिरवण्याआधी पोरं हे शिकतात. त्या क्षणी आमच्यातलं ‘तुम्ही’ गळून पडलं.

“तरीच!” तो म्हणाला. “मघापासून विचार करतोय, ही बाई माणसासारखी का बोलत नाही. नावुकेईची होय!”

“आणि मला वाटत होतं, दुकानाच्या मधोमध हा खांब कुणी रोवला! आण तो कोट.”

“अगं, पण...”

“घालून दाखव. झाला तर ने.”

त्याने घातला. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबूनच बघत राहिली. दुकानातल्या बायका हसता हसता टेबलाला टेकल्या. त्याने दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

“घे. तौवूने मागितलं, नाही कसं म्हणू!”

आणि तेवढ्याच सहजपणे त्याने माझ्या पिशवीतून वर डोकावणारा अननस उचलला. “हा माझा.”

दारापर्यंत गेल्यावर तो वळला. “नाव?”

“विलिमाइना. माइना म्हणतात.”

“मी एमोसी. माइना, कोट तर घेतलास. थंडी कुठून आणणार? एकदम अंगावर आली तर लाकडासारखी उभी राहशील विमानतळावर. तालीम करायला हवी. शनिवारी दुपारी ये आमच्याकडे. आमची थंडी फुकट आहे.”

आणि बगलेत अननस घेऊन तो पावसात गेला.

* * *

“जाणार आहेस?” लावेनियाने विचारलं.

लावेनिया माझी चुलतबहीण. सुवातल्या रायवांगा भागातल्या तिच्या घरात मी चार वर्षं राहत होते. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचं, संध्याकाळी वह्या तपासायच्या, आणि रात्री शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचे. आमच्या बेटावर आई ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभी राहून नामा खुडते. नामा म्हणजे हिरव्या मण्यांच्या घोसासारखं समुद्रातलं शेवाळ, लिंबू-नारळासोबत खातो आम्ही. लहानपणी मी तिच्या मागे टोपली घेऊन उभी असायचे आणि विचारायचे, हे झाड आहे का? मुळं कुठेत? आई म्हणायची, मला विकता येतं, सांगता येत नाही. होबार्टच्या समुद्रात म्हणे नारळाच्या झाडाहून उंच शेवाळं वाढतात, पाण्याखाली अख्खं रान. ते शिकायला मी चालले होते. पहिल्या वर्षी नकार आला होता. दुसऱ्या वर्षी नाव लागलं.

“थंडीची तालीमच करायची आहे,” मी म्हणाले.

“हो का? तालीमच म्हणतात हल्ली त्याला!”

लावेनिया हसली, पण मग गप्प झाली. मला तिचं गप्प होणं कळलं. तिला एकदा ऑकलंडला नर्सिंगसाठी जायचं होतं. तेव्हाचा तिचा मित्र म्हणाला, थांब ना माझ्यासाठी. ती थांबली. वर्षभरात तो एकटाच ऑकलंडला निघून गेला.

“तालीमच कर,” ती म्हणाली. “नाटकात पडू नकोस.”

* * *

लोखंडी दार मागे बंद झालं आणि पहिल्याच श्वासाला माझं नाक आतून चिकटलं.

“हाताची घडी घालू नकोस,” एमोसी म्हणाला. “हात हलव. पाय आपट. आणि तोंड मिट, दात मोजतोय मी तुझे.”

दोन्ही बाजूंना फळ्यांवर टुना रचलेले. करड्या रंगाचे, पांढरं पीठ भुरभुरावं तसे. छतातले पंखे एका सुरात घोंघावत होते. मला हसू आलं, मी तोंड उघडलं... आणि तोंडातून ढग बाहेर आला.

मी थबकले. पुन्हा फुंकर मारली. पुन्हा ढग. सिनेमात पाहिलं होतं, पण माझा स्वतःचा श्वास माझ्या डोळ्यांसमोर असा तरंगताना मी कधीच पाहिला नव्हता.

“एमोसी! हे बघ... हे माझं आहे!”

“हो, नावुकेईचं सगळं असंच. नुसती वाफ.”

पण तो माझ्याकडेच बघत होता. त्याच्या पापण्यांवर बारीक पांढरे कण जमले होते. त्याचा श्वास माझ्या श्वासात येऊन मिसळला, दोघांचा मिळून एकच ढग झाला, आणि आम्ही दोघंही तो विरेपर्यंत बघत राहिलो. थट्टा कुणालाच आठवली नाही. तौवूंमध्ये असं सहसा होत नाही.

“चल,” तो घाईने म्हणाला. “पहिल्या दिवशी एवढं पुरे.”

बाहेर आलो तर पाऊस थांबून वाफाळलेलं ऊन पडलं होतं. कोपऱ्यावरच्या टपरीवर रोटीचं पार्सल घेतलं, आत बटाट्याची झणझणीत भाजी. माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या. त्याने माझं पार्सल उघडून दिलं, आणि अर्धं स्वतः खाल्लं.

मग प्रत्येक शनिवारी तालीम. तो मला शिकवायचा : एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ तीन घाल. मोजे ओले झाले की लगेच बदल. कान झाक, अक्कल तशीही नाहीये, निदान कान तरी वाचव. तो न्यूझीलंडमध्ये एक हिवाळा काम करून आला होता.

“मग परत का आलास?” मी एकदा विचारलं.

“काम संपलं. आलो.” त्याने खांदे उडवले. “मला इथे आवडतं. सगळ्यांनी जायलाच हवं असं थोडंच आहे? आणि सगळ्यांनी राहायलाच हवं असंही नाही.”

हे वाक्य त्याने इतकं सहज म्हटलं, की मी घरी जाईपर्यंत ते पुन्हा पुन्हा उलटून पाहत राहिले... त्यात माझ्यासाठी काही आहे का?

तौवूच्या बोलण्याचं हेच असतं. “तू गेलीस की मी मरणार” असं तो म्हणायचा, आणि पुढच्याच श्वासाला, “भुकेने. तुझ्या पिशवीतलं खाऊनच जगतोय.” मी हसायचे. तो हसायचा. थट्टेखाली काही आहे की थट्टेखाली नुसती थट्टाच, हे हात घालून बघायची मला हिंमत होत नव्हती. कारण खाली काही असलं, आणि तो एक दिवस म्हणाला, ‘थांब ना माझ्यासाठी’... तर?

तर मी थांबले असते. मला याचीच भीती वाटत होती.

* * *

व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. मी शाळेतून मधल्या सुट्टीत जाऊन काढून आले, आणि विसरूनही गेले. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

“घाबरायचं नाही,” त्या म्हणाल्या. डॉक्टर असं म्हणाले की माणूस आधी घाबरतं. “उजव्या फुप्फुसावर डाग दिसतोय. क्षय असेलच असं नाही. कफ तपासायला पाठवू. पण निकाल यायला दोन महिने लागतात. तोवर गर्दीत फार मिसळू नका.”

“आणि सत्र सुरू व्हायच्या आधी निकाल नाही आला तर?”

त्यांनी फाईल मिटली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

शाळेने रजा दिली. लावेनियाने माझं ताट-वाटी वेगळं करू दिलं नाही, मीच केलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून कितीतरी वेळ नुसता लाटांचा आवाज येत राहिला. एमोसीला मी दोन ओळींचा मेसेज पाठवला. तालीम बंद. घरी येऊ नकोस, कारण असं असं आहे.

त्याचं उत्तर आलं नाही.

संध्याकाळी मी समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसले. सुवात मोकळी हवा खायला दुसरं ठिकाण नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर लांबून रबरी बूट येत होते.

“येऊ नकोस म्हटलं होतं ना!” मी ओरडले.

“घरी येऊ नकोस म्हणालीस. समुद्र तुझ्या बापाचा आहे का?”

“तिथेच थांब! पुढे यायचं नाही.”

“किती लांब बसू?”

“त्या दुसऱ्या नारळापर्यंत.”

तो निमूट मागे गेला आणि दुसऱ्या नारळाखाली कठड्यावर बसला. मग वाऱ्याच्या वरताण ओरडला, “काय म्हणतोय क्षय?”

फिरायला आलेल्या चार माणसांनी वळून पाहिलं. मी तोंड ओंजळीत लपवलं... आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. हसता हसता रडले. तो तिथेच बसून राहिला. उठून आला नाही, ‘रडू नकोस’ म्हणाला नाही. अंधार पडायला लागल्यावर माझ्यामागून, तेवढंच अंतर ठेवून, घराच्या कोपऱ्यापर्यंत चालत आला.

मग रोजच तो यायचा. कामावरून सुटून, कधी भाजलेली कणसं घेऊन, कधी खारे दाणे. अर्धे मधल्या नारळाच्या बुंध्याशी ठेवून तो मागे सरकायचा, मग मी जाऊन उचलायचे. आम्ही ओरडून बोलायचो. मी त्याला शेवाळांबद्दल सांगायचे, तो मला यंत्रांबद्दल. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईला आमचं सगळं पाठ झालं होतं. एकदा ती मला म्हणाली, “पोरी, तो मघाशी काय म्हणाला, मला नीट ऐकू नाही आलं, परत विचार ना!”

एका संध्याकाळी वारा पडला. समुद्र तेलासारखा गुळगुळीत. पहिल्यांदाच ओरडायची गरज नव्हती, आणि त्यामुळेच की काय, दोघंही गप्प होतो.

“माइना,” तो हळूच म्हणाला. एव्हाना तो मला तौवूच म्हणायचा, आज माइना म्हणाला. “काल माझ्या मनात एक विचार आला...”

आता म्हणणार. थांब म्हणणार.

“कसला?”

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

“काही नाही गं. उद्या कणसं आणू की दाणे?”

* * *

निकाल आला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. ओला टॉवेल खांद्यावर, फोन कानाशी. “काही नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. “अगदी स्वच्छ. लहानपणी न्यूमोनिया झाला होता का तुम्हाला? त्याचाच जुना व्रण आहे. मी आजच कळवून टाकते पुढे. जा, बॅग भरा.”

मी टॉवेलसकट खाली बसले, गवतावरच. आभाळ भरून आलं होतं, माझे धुतलेले कपडे पुन्हा भिजणार होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की वाटलं, धरून ठेवलं नाही तर उडेन. लावेनियाला मिठी मारली. आईला फोन केला. आणि मग चपला न घालताच बस पकडली.

वालू बेच्या फाटकापाशी एमोसी बाहेर आला तोवर पावसाने मला धुऊन काढलं होतं. पळत गेले आणि त्याला घट्ट मिठी मारली. इतक्या दिवसांचं ते नारळांचं अंतर एका दमात संपवून टाकलं. त्याच्या अंगातून थंडी निघत होती, उघड्या फ्रिजसमोर उभं राहावं तशी. हात मासळीचे म्हणून त्याने ते वर धरले होते, आणि त्याची छाती माझ्या गालाखाली वर-खाली होत होती. जोरात. फार जोरात.

“स्वच्छ आहे?” त्याने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

“जाणार?”

“पुढच्या शनिवारी.”

त्याने मोठा श्वास सोडला. “सुटलो बाबा! रोजची कणसं वाचली.”

मी बाजूला झाले. त्याचा चेहरा हसरा होता, नेहमीसारखा. आणि मला वाटलं, एवढंच? मी याच्यासाठी अनवाणी आले, आणि याला कणसं आठवतायत?

“हो,” मी म्हणाले. “माझीही सुटका झाली. तुझ्या तोंडातून.”

परतीच्या बसमध्ये ताडपत्रीचे पडदे खाली सोडले होते. मी त्या अंधारात बसून स्वतःला समजावत होते. बरं झालं. थांब म्हणाला नाही ना, मग सुंठेवाचून खोकला गेला. मग हे डोळे का भरून येतायत?

* * *

शुक्रवारी दुपारी लावेनियाच्या घरी निरोपाची यंगोना, म्हणजे झाडाच्या मुळांपासून कालवलेलं पेय पिण्याची बैठक, होती. आई-बाबा बोटीने गाऊहून आले होते. चटया अंथरल्या होत्या, बाबा मधे लाकडी भांड्यासमोर बसून यंगोना कालवत होते, स्वयंपाकघरात आई अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवत होती, आणि मी पाण्याचे पेले भरून नेत होते.

तेवढ्यात दारात एमोसी दिसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कमरेला लुंगीसारखा काळा सुलू, केस चापून बसवलेले. बूट नव्हते. आणि त्याच्यापुढे त्याचा मामा. आम्ही मामाला मोमो म्हणतो. मोमो म्हणजे पांढऱ्या केसांचा, पिंपासारखा माणूस, आणि त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, झाडाच्या सालीच्या छापील कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

माझ्या हातातला पेला लवंडला.

तांबुआ! देवमाशाचा दात असाच आणतात. मुलीकडच्यांसमोर तो ठेवायचा, मुलीच्या बापाने तो हातात घेतला की मागणं मान्य झालं. नाही म्हणणं फार अवघड. माणसं नाही म्हणतच नाहीत. उद्या माझं विमान, आणि आज हा...

मोमो चटईवर बसला, मान खाली घातली, आणि जुन्या, जड भाषेत बोलायला लागला. दोन गावांमधली वाट फार जुनी आहे. त्या वाटेवर गवत उगवू नये. तुमच्या घरात एक फूल उमललंय. आता ते दूर चाललंय. आमचा भाचा रोज त्या फुलाच्या वाऱ्याला बसायचा...

मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते. आईने चूल सोडून माझा हात धरला. एमोसी जमिनीकडे बघत होता. मला त्याचा राग आला, असा राग की कान तापले. मला विचारलं असतंस! दुसऱ्या नारळाखालून ओरडून विचारलं असतंस, तरी चाललं असतं. आता बाबांनी हात पुढे केला की...

“म्हणून,” मोमो म्हणाला, “रिकाम्या हातांनी कसं यावं? हे आणलंय. आमच्या गावातलं सगळ्यात देखणं तोंड.”

आणि त्याने कापड सोडलं.

आत टुनाचं डोकं होतं. प्रचंड मोठं, गोठलेलं, डोळे वटारलेलं. बर्फाची वाफ काढत ते बाबांकडे बघत होतं.

मग बाबा पुढे वाकले, डोक्याला खालून वर न्याहाळलं, एमोसीकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं.

“खरंच देखणं आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणि तुमच्या बाकीच्या तोंडांपेक्षा बरं. हे निदान गप्प तरी बसतं.”

घर हादरलं हसण्याने. मोमो मांडीवर थापा मारत होता, लावेनिया भिंतीला धरून वाकली होती, आई “रस्सा करते, रस्सा” म्हणत डोळे पुसत होती. आणि मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मी हसत होते. सुटले, सुटले, असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं.

मागे पावलं वाजली. पायरीवर, माझ्या शेजारी, एमोसी येऊन बसला.

“तुला वाटलं, तांबुआ आहे?”

“नाही... हो. जीव गेला होता माझा.”

तो थोडा वेळ इस्त्रीच्या शर्टाचं बटण चाळवत राहिला.

“आहे घरी,” तो म्हणाला. “तांबुआ. मोमोने काल काढून तेल लावून ठेवला होता. म्हणाला, उद्याच मागून टाकू, मग पोरगी कुठेही जाऊ दे. मी त्याच्याशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा.”

“का?”

“कारण तुला नाही म्हणता आलं नसतं.” आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. थट्टेशिवाय तो अडखळत होता, पोहता न येणाऱ्या माणसासारखा. “आणि... एक सांगायचंय. त्या दिवशी कठड्यावर म्हणालो होतो ना, एक विचार आला? मला वाटलं होतं, निकाल वाईट आला तर तू इथेच राहशील. एवढंच. एकदाच वाटलं. मग माझी मलाच इतकी शिसारी आली की... म्हणून फाटकापाशी तू हो म्हणालीस, तेव्हा मी सुटलो म्हणालो. खरंच सुटलो होतो गं. कणसं वगैरे तोंडातून गेलं. दुसरं काही बोललो असतो तर ‘जाऊ नकोस’ म्हणून गेलो असतो.”

मी त्याच्याकडे वळले. अंगणात पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती, पपईच्या पानांवर टपटप वाजत होती.

“मला वाटलं, तुला काहीच वाटत नाही,” मी म्हणाले.

“काहीच?” तो जवळजवळ ओरडला. “दुसऱ्या नारळाखाली बसून माझा घसा गेला!”

“मग सांग ना. बाबांना नको. मोमोला नको. मला सांग. आणि तौवूसारखं नको.”

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“माइना... माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू जा. मला तू जायला हवी आहेस. आणि... परत आलीस, किंवा नाही आलीस, पण... मी...” त्याने कपाळ पुसलं. “कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो मी, आणि घाम बघ!”

“एमोसी.”

“हं?”

“मी जाणार आहे. आणि माझंही तुझ्यावर प्रेम आहे.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“दोन्ही चालतं?”

“का नाही चालणार? होबार्ट काही चंद्रावर नाही. सुट्टीत मी येईन. हिवाळ्यात तू ये. तू तिथेही गरम होऊन घाम पुसशील, लोक बघायला येतील. आणि शिकून झाल्यावर तुझ्या मोमोला खुशाल काय आणायचं ते आणू दे. मी आधी हो म्हटलेलं असेल, मग बाबांनाही सोपं जाईल.”

त्याने फक्त माझा हात हातात घेतला. आज त्याचा हात थंड नव्हता, मासळीचा वासही नव्हता. साबणाने घासून घासून लालसर झालेला, उबदार हात. मी माझं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचीच वाट बघायची नव्हती. कुठल्या निकालाची नाही, कुठल्या उत्तराची नाही.

मग माझ्या लक्षात आलं, घरातलं हसणं कधीचं थांबलंय. आवाज नाही. भांड्याचासुद्धा नाही. मी मान वळवून पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कडेला लावेनियाचे केस दिसत होते, आणि तिच्याशेजारी मोमोचं पांढरं डोकं.

“संपलं का बोलून?” आतून बाबांचा आवाज आला.

“बाबा!”

“आम्हाला काही ऐकू आलं नाही!” मोमो गरजला. “पण जे ऐकू आलं नाही ते आम्हाला पसंत आहे!”

आणि मग, कुणी काही पुढे ठेवलं नव्हतं, कुणी काही उचललं नव्हतं, तरी आत सगळ्यांनी मिळून तळवे पोकळ करून टाळी वाजवली. ठॉप... ठॉप... ठॉप. मान्य झाल्याची टाळी. तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो.

एमोसीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे कान लाल झाले होते.

“चल आत,” मी त्याला ओढत म्हणाले. “रस्सा संपवतील सगळे.”